खांदा दुखतोय? एमआरआयचं पाकीट बाजूला ठेवा, आधी शर्ट काढा

कोल्हापुरात फिजिओ म्हणून काम करताना एक सीन मी रोज बघतो. पेशंट आत येतो, काखेत एमआरआयचं ते भलं मोठं पाकीट, आणि बसायच्या आधीच सुरू, "डॉक्टर, इंपिंजमेंट हाय म्हणालेत, नस दबलीय खांद्यात." मी म्हणतो पाकीट टेबलावर ठेवा आणि शर्ट काढा. यावर निम्मे लोक बिचकतात कारण तीन महिने दुखतंय, दोन ठिकाणी दाखवून झालंय, फोटो काढून झालाय, पण खांदा कुणी उघडा करून बघितलेलाच नसतो. आणि खरं सांगू का, शर्ट काढणं हीच पहिली टेस्ट आहे. ज्याचा खांदा दुखतो तो चांगला हात आधी बाहेर काढतो आणि मग दुखऱ्या हातावरून शर्ट हळूच खाली सरकवतो, चेहरा वाकडा करत. जो दोन्ही हात वर करून टीशर्ट डोक्यावरून सर्रकन काढतो आणि मग म्हणतो हात वर होत नाही, त्याच्याशी जरा जास्त वेळ बोलायला लागतं.

तर खांदा तपासायचा कसा ते नीट सांगतो. तालमीतली पोरं, जिमवाले, आई-वडिलांचा खांदा दुखतोय म्हणून मोबाईलवर शोधणारे आणि माझ्या नव्या फिजिओ दोस्तांसाठी पण. घरी बघून तुम्ही निदान पक्कं करू शकणार नाही, पण इंपिंजमेंट आहे, आखडलाय, फाटलंय की दुखणं मानेतून येतंय याचा अंदाज नक्की येईल.

आधी ते नस दबलीय प्रकरण. इंपिंजमेंटमध्ये नस बिस काही दबत नसते. खांद्याचा सांधा म्हणजे चहाच्या बशीवर नारळ ठेवल्यासारखा आहे, गोळा मोठा आणि खोबणी उथळ, म्हणून तो सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच निखळतो पण. हा नारळ बशीवर धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू करतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातल्या वरच्या स्नायूची, सुप्रास्पिनेटसची दोरी म्हणजे टेंडन, अॅक्रोमिअन नावाच्या हाडाच्या छपराखालून जाते. छप्पर आणि गोळा यात जागा साधारण एक सेंटीमीटर, त्यातच टेंडन आणि त्याच्यावर बर्सा नावाची पाण्याची पातळ पिशवी. हात बाजूने वर नेताना ही जागा अजून कमी होते, टेंडन सुजलेलं असेल तर तिथं कळ येते, यालाच इंपिंजमेंट म्हणतात. १९७२ साली चार्ल्स नीअर या अमेरिकन सर्जननी मांडलं की छपराचं हाड खाली टेंडनला घासतं म्हणून हे सगळं होतं, आणि मग पुढं कितीतरी वर्षं ते हाड तासायची ऑपरेशनं जगभर झाली. नंतर २०१८ मध्ये ब्रिटनचा एक आणि फिनलंडचा एक असे दोन अभ्यास आले, त्यात काही पेशंटचं हाड खरोखर तासलं आणि काहींना नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, आणि दोन्ही गटांच्या दुखण्यात सांगण्यासारखा फरक पडला नाही. म्हणून आता बरेच जण इंपिंजमेंट हा शब्दच टाळतात, कफचं दुखणं म्हणतात. रिपोर्टवर हाड खाली वाकलंय असं लिहिलं असलं तरी घाबरू नका, दोष बहुतेक वेळा छपराचा नसतो, जास्त भार पडून थकलेल्या दोरीचा असतो.

आता तपासणी. पहिली पाच मिनिटं हात लावायचाच नाही, फक्त विचारायचं. मी म्हणतो, एका हातानं दाखवा कुठं दुखतंय. कफवाला पेशंट अख्खा तळवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला ठेवतो आणि वरखाली चोळतो, त्याला एका बोटानं दाखवताच येत नाही. एकच बोट खांद्याच्या टोकावर, जिथं गळपट्टीचं हाड येऊन मिळतं तिथं बरोबर टेकवलं तर तो एसी जॉइंट. पुढच्या बाजूला खोबणीत बोट घातलं तर बायसेप्सची दोरी. आणि मानेपासून सुरू करून फऱ्यावरून म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडावरून, दंडावरून, कोपराच्या खाली पार बोटांपर्यंत हात फिरवला, वर मुंग्या येतात म्हणाला, तर भावा खांदा सोड आणि मान बघ. कफचं दुखणं कोपराच्या खाली सहसा उतरत नाही.

मग विचारायचं, कधी दुखतं. "रातीला त्या कुशीवर झोपलं की लई ठणकतंय" हे कफवाले पण म्हणतात आणि आखडलेले पण, त्यामुळे त्यावरून निकाल लागत नाही. त्यापेक्षा कामाचे प्रश्न विचारा. बाईमाणसाला विचारा, माळ्यावरचा डबा काढता येतो का, मागं ब्लाऊजचा हूक लावता येतो का, अंबाडा घालता येतो का. गड्याला विचारा मागच्या खिशातलं पाकीट निघतं का, गाडीवर मागं वळून सीट धरता येते का. डबा निघत नाही पण हूक लागतो असं असेल तर कफकडे झुकायचं. दोन्ही नाही, आणि महिन्यागणिक कमी कमीच होत चाललंय, तर खांदा आखडतोय हे डोक्यात पक्कं धरून पुढं जायचं.

वय आणि धंदा विचारल्याशिवाय तर उठायचंच नाही. पंचविशीच्या आतला पैलवान किंवा पेठेच्या टीमचा गोलकीपर खांदा दुखतो म्हणतोय तर आधी मनात यायला पाहिजे की सांधा ढिला आहे का, आधी कधी उतरलाय का. आपल्याकडं खांदा उतरणं म्हणजे फार मोठी गोष्ट वाटतच नाही, वस्तादानं जागेवर बसवला, पोरगं परत आखाड्यात. असा तीनदा उतरलेला खांदा इंपिंजमेंटसारखाच दुखतो, पण मूळ वेगळं असतं, आणि त्याला छपराखाली इंजेक्शन मारून उपयोग नाही. तीस ते पन्नासमधला पेंटर, वेल्डर, रोज पहाटे दुधाचे कॅन उचलून गाडीला अडकवणारा, हे कफचे हक्काचे गिऱ्हाईक. चाळीस ते साठमधली मधुमेह असलेली व्यक्ती, बाई असो वा बुवा, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मी फ्रोझन शोल्डरच, म्हणजे आखडलेला खांदाच धरतो. साठीच्या पुढं फाटलेला कफ नाहीतर झिजलेला सांधा.

विचारून झालं की मागं उभं राहून बघायचं. दोन्ही फरे सारखे दिसतात का, फऱ्यावरच्या काट्याच्या वर किंवा खाली खड्डा पडलाय का. खड्डा म्हणजे स्नायू वाळलाय, एकतर दोरी जुनी फाटलेली आहे नाहीतर तिथली नस खरंच अडकली आहे. हो, इथं मात्र नस शब्द बरोबर आहे, व्हॉलीबॉलवाल्यांच्यात हे दिसतं. भिंतीला जोर मारायला लावा, फऱ्याची कड पंखासारखी बाहेर आली तर फरा धरणारा स्नायू कमजोर आहे. दंडाचा गोळा एकाएकी कोपराकडं उतरून लाडूसारखा दिसत असेल तर बायसेप्सची वरची दोरी तुटलीय.

आता हात वर. पेशंटला म्हणायचं दोन्ही हात बाजूनं हळू वर न्या, कानापर्यंत, आणि दुखायला लागलं की सांगा, थांबलं की पण सांगा. साधारण ६० अंशापर्यंत काही नाही, ६० ते १२० मध्ये तोंड वाकडं, आणि त्याच्या वर गेलं की परत हुश्श, हा झाला पेनफुल आर्क, कफची सही म्हणा. बऱ्याच जणांना वर जाताना कमी आणि खाली आणताना जास्त दुखतं, म्हणून खाली आणतानाचं पण बघा, घाई करू नका. उलट सगळा वेळ ठीक आणि शेवटी कानाजवळ आल्यावर टोकाला दुखलं तर एसी जॉइंट. आणि हात ८० अंशावर अडकला, पुढचं सगळं खांदा कानाकडं उचलून आणि अंग वाकडं करून चाललंय तर आखडलाय नाहीतर फाटलंय.

या दोन्हीतला फरक कसा करायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि इथंच सगळ्यात जास्त चुका होतात, माझी पण झालीय. नवीन होतो तेव्हा एक मावशी आल्या, साठीच्या, "डबा काढायला गेलो आणि जीवच गेला बगा," असं म्हणत. हात वर करताना दुखतोय, हॉकिन्स टेस्ट (ती कशी करायची ते पुढं सांगतो) पॉझिटिव्ह, मी लिहून टाकलं इंपिंजमेंट, रबर बँडचे व्यायाम दिले आणि सहा आठवडे चढवत नेले. मावशी दर खेपेला बिचाऱ्या म्हणायच्या जास्त दुखतंय ओ, मी म्हणायचो सुरुवातीला दुखणारच. एक दिवस सहज कोपर अंगाला चिकटवून त्यांचा हात बाहेर फिरवायला गेलो तर २० अंशावर खटकन थांबला, दाराला खुंटी लागावी तसा. दुसरा हात ७० अंश जात होता. फ्रोझन शोल्डर होतं, पहिल्या दिवसापासून, आणि शुगर पण निघाली जी त्यांना माहीतच नव्हती. हे मी दोन मिनिटात पहिल्याच दिवशी बघू शकलो असतो.

म्हणून ही टेस्ट शिकून घ्या, घरी पण करता येते. माणसाला खुर्चीत सरळ बसवा, कोपर ९० अंशात वाकवून कुशीला चिकटवा, मध्ये रुमालाची घडी ठेवली तर कोपर सुटत नाही. आता त्याला म्हणायचं हात एकदम सैल सोड, तू काही करायचं नाही, आणि तुम्ही त्याचा पुढचा हात दरवाजा उघडल्यासारखा बाहेर न्यायचा. दोन्ही बाजू करा. दुखरी बाजू चांगल्या बाजूच्या निम्म्यापर्यंतच जाते आणि तुम्ही ढकललं तरी पुढं जात नाही, म्हणजे सांध्याचं आवरणच आखडलंय. कफच्या दुखण्यात दुसऱ्यानं फिरवलं तर हात जवळजवळ पूर्ण जातो, दुखेल पण जाईल. स्वतः वर करता येत नाही पण दुसऱ्यानं नेला तर अलगद कानापर्यंत जातो, असं असेल तर स्नायूत किंवा दोरीत गडबड, म्हणजे फाटल्याची शंका. बाहेर फिरणं अडलं असेल तर एक साधा एक्सरे मात्र काढाच, कारण झिजलेला सांधा आणि मागच्या बाजूला निखळलेला खांदा हे दोन्ही असेच अडतात. मागं निखळलेला खांदा फिट आलेल्या माणसात आणि करंट बसलेल्या माणसात होतो, आणि समोरून काढलेल्या एका एक्सरेत सहज हुकतो. शेतात मोटारीचा शॉक बसला आणि तेव्हापासून हात बाहेर फिरत नाही असं कुणी म्हणालं तर बाजूचा व्ह्यू पण काढायला सांगा, मालिश करत बसू नका.

फिरणं पूर्ण आहे, आर्कमध्ये दुखतंय, म्हणजे कफच्या वाटेला लागलो. आता टेस्टा. यांची नावं ऐकून पोरं इंप्रेस होतात पण एकट्या टेस्टेवर भरवसा ठेवायचा नाही, एकटी हॉकिन्स तर चांगल्या खांद्यात पण कधी कधी दुखते आणि आखडलेल्यात तर दुखतेच दुखते. आम्ही पाच एकत्र बघतो, पाचातल्या तीन किंवा जास्त पॉझिटिव्ह आल्या तर कफचं दुखणं म्हणायला जोर येतो. पहिली पेनफुल आर्क, ती झाली. दुसरी नीअर, एका हातानं फरा दाबून धरायचा आणि पेशंटचा हात अंगठा खाली करून समोरून पूर्ण वर न्यायचा, टोकाला पुढं दुखलं तर पॉझिटिव्ह. तिसरी हॉकिन्स-केनेडी, हात समोर ९० अंश, कोपर ९० अंश वाकवलेलं, आणि मनगट खाली पाडत दंड आत फिरवायचा. चौथी जोब, तिला एम्प्टी कॅन पण म्हणतात, हात खांद्याच्या उंचीवर, पूर्ण बाजूला नाही तर थोडा समोर, अंगठे जमिनीकडं, तांब्यातलं पाणी ओतून टाकल्यासारखे, आणि वरून तुम्ही खाली दाबायचं. इथं दुखलं आणि हात पडला यात फरक आहे, नुसतं दुखणं आणि खरी कमजोरी वेगळी लिहा. पाचवी मला सगळ्यात आवडते कारण तिच्यात नाटक चालत नाही, कोपर कुशीला, ९० अंश, पेशंट बाहेर ढकलणार आणि तुम्ही आत. दोन्ही बाजू एकदम करा म्हणजे फरक लगेच हाताला कळतो.

फाटलंय का हे बघायला अजून तीन. हात तुम्ही वर नेऊन ९० अंशावर सोडा आणि म्हणा हळूहळू खाली आण, धपकन पडला तर ड्रॉप आर्म. कोपर कुशीला ठेवून हात पूर्ण बाहेर फिरवा, म्हणा इथंच धरून ठेव आणि सोडा, आपोआप आत आला तर मागची दोरी गेलीय. पुढच्या दोरीसाठी तळवा पोटावर दाबायला सांगा, कोपर पुढं ठेवून, दाबताना कोपर मागं पडलं आणि मनगट वाकलं तर ती पुढची दोरी, सबस्कॅपुलॅरिस, गेलीय. आणि हे लक्षात ठेवा, चाळिशीच्या पुढचा माणूस गाडीवरून पडला किंवा खांदा निखळून बसवला, आणि दोन आठवड्यांनी पण हात वर उचलत नाही, तर सूज उतरेल म्हणून वाट बघू नका, लगेच सोनोग्राफी करा. पडून फाटलेली मोठी दोरी शिवायची असेल तर ती लवकर शिवावी लागते, नंतर स्नायू आखडतो, त्याच्यात चरबी भरते आणि टोकाला टोक येत नाही.

शेजाऱ्यांकडं पण जाऊन यायचं. दुखरा हात समोरून दुसऱ्या खांद्यावर नेऊन दाबला आणि टोकावर कळ आली तर एसी जॉइंट, खांद्यावर आपटलेल्या पैलवानात आणि बेंच प्रेसवाल्यात भरपूर. कोपर सरळ, तळवा वर, हात समोर उचलताना दाबलं आणि पुढच्या खोबणीत दुखलं तर बायसेप्स. हात बाजूला ९० अंशावर नेऊन मागं फिरवल्यावर दुखण्यापेक्षा भीतीच वाटते, आता निसटणार म्हणून माणूस तुमचा हात धरतो, तो ढिला सांधा. ही टेस्ट घरी अजिबात करू नका, खरंच निसटेल. लेब्रमच्या, म्हणजे खोबणीच्या कडेच्या कुर्चेच्या टेस्टांवर मी फार वेळ घालवत नाही, त्या एकट्यानं फारसं सांगत नाहीत. मानेसाठी एक सोपी खूण आहे. पेशंटला दुखरा हात डोक्यावर ठेवायला सांगा. कफवाल्याला ते जमत नाही किंवा दुखतं, मानेची नस दबलेल्याला उलट बरं वाटतं, म्हणून असे लोक रात्री हात डोक्यावर घेऊन बसलेले असतात.

अजून एक करून बघा, यात निदान आणि उपचार दोन्ही आहेत. पेशंट हात वर नेत असताना त्याच्या फऱ्याचं खालचं टोक तुमच्या तळव्यानं बाहेर आणि वर ढकला. दुखणं पटकन कमी झालं तर फरा आळशी झालाय. पूर्ण हात वर जातो त्यात ढोबळमानानं १२० अंश सांध्याचे आणि ६० अंश फऱ्याचे असतात, फऱ्यानं आपला वाटा उचलला नाही तर सगळा बोजा कफवर. पैलवानांच्यात मला हे फार सापडतं, जोर पाचशे, छाती दांडगी, आणि पाठीमागं ओढायचा व्यायाम शून्य.

आता ते पाकीट. एमआरआय वाईट नाही, फक्त त्याला प्रश्न विचारून मग काढायचा. १९९५ मध्ये अमेरिकेत ज्यांचा खांदा अजिबात दुखत नव्हता अशा ९६ लोकांचा एमआरआय काढला तर ३४ टक्क्यांत कफ थोडाफार किंवा पूर्ण फाटलेला निघाला, साठीच्या पुढच्यांत तर ५४ टक्के. म्हणजे रिपोर्टमध्ये पार्शल टिअर, अर्धवट फाटलंय, असं लिहिलंय म्हणून तेच दुखतंय असं नाही, केस पांढरे होतात तसलाच प्रकार कित्येकदा. माझा क्रम असा, आधी एक्सरे, त्यात झीज दिसते, कॅल्शियमचा पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका तिशी ते पन्नाशीत एका रात्रीत एवढा दुखतो की माणूस हात छातीला धरून रडत येतो, आणि सगळे टिअर शोधत बसतात. मग सोनोग्राफी, स्वस्त, आणि करणारा चांगला असेल तर टिअर छान दिसतं. एमआरआय ऑपरेशनचा विचार असेल तर, किंवा चित्र जुळतच नसेल तर.

काही गोष्टीत मात्र टेस्टा बिस्टा काही नाही, सरळ दवाखाना. डावा खांदा आणि हात दुखतोय, हलवला तरी न हलवला तरी तेवढाच, घाम येतोय, छातीवर दाब वाटतोय, तर ईसीजी, आत्ताच्या आत्ता. ताप आणि लाल गरम सांधा. तंबाखू किंवा बिडीवाला माणूस, वजन उतरतंय, खांद्यापासून करंगळीपर्यंत ठणका, हाताचा पंजा वाळतोय, तर छातीचा एक्सरे, फुप्फुसाच्या टोकाची गाठ असंच दुखणं देते. आधी कॅन्सर झालेला असेल तर खांदा हलवून बघण्याआधी तेच सांगा. तेलकट खाल्ल्यावर उजवा खांदा दुखतो आणि हात फिरवला तर काहीच होत नाही, असे पित्ताशयाचे खडेवाले पण माझ्याकडं आलेत, रविवारी तांबडा-पांढरा हाणला की सोमवारी खांदा.

कफचंच दुखणं निघालं तर आजचे आकडे लिहून ठेवा. हात कुठल्या अंशाला दुखायला लागला, बाहेर किती फिरला, पाचातल्या किती टेस्टा. मोबाईलवर मागून व्हिडिओ काढला तरी चालतो. व्यायाम सुरू करून सहा आठवड्यांनी तोच व्हिडिओ परत काढा. बाहेर फिरणं तेव्हा कमी झालेलं दिसलं तर व्यायाम थांबवून परत तपासायचं, कारण फ्रोझन शोल्डर पहिल्या काही आठवड्यात कफसारखंच दिसतं. बारा आठवडे नीट करून पण तिथंच असेल तर ऑर्थोपेडिककडं जा, छपराखाली भूल देणारं इंजेक्शन देऊन दुखणं तेवढ्यापुरतं जातं का ते बघता येतं, गेलं तर जागा बरोबर धरलीय.

आणि दाखवायला येताना गड्यांनी बंडी घालून या, बायकांनी ढिल्या गळ्याचा किंवा बिनबाह्यांचा कुर्ता. शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणा. पाकीट पण आणा, पण ते शेवटी उघडू.